साठावा उखाणा

झाइगाताईंनी मला पहिल्यांदा झापलं ते अंतराच्या शाळेच्या लायब्ररीत, आणि तेही शुद्ध मराठीत.

झालं होतं असं. अंतरा माझी मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची. गणितात तिने चांगलेच दिवे लावले होते. टीचरना भेटून झाल्यावर मी तिला लायब्ररीच्या कोपऱ्यात नेलं आणि सुरू झाले. दोह्यात मराठीत रागावण्याचा हाच तर फायदा असतो, आजूबाजूला कुणाला काही कळत नाही. "लाज वाटते का काही? दिवसभर त्या फोनमध्ये तोंड खुपसून बसायचं आणि वर पेपर अवघड होता म्हणायचं!" मी अशी रंगात आले होते, तेवढ्यात काउंटरमागून आवाज आला.

"मुलीला येथे रागावू नये. येथे शांतता अपेक्षित आहे. बाहेर बाक आहे, तेथे रागवावे."

मी गर्रकन वळले. उंच, चांगल्या हाडापेराची बाई. पिवळट पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. माझं तोंड उघडंच राहिलं.

"तुम्हाला मराठी येतं?"

"येते," ती म्हणाली. "पुण्यात शिकले, पंचाण्णव साली. आपण कोणत्या गावच्या?"

अंतरा खिदळायला लागली. "आई, यू आर सो बस्टेड." मला त्या क्षणी दोघींचाही राग आला होता, पण पुढच्याच शनिवारी मी त्या बाईला घरी चहाला बोलावलं. नाशिककडची माणसं आहोत आम्ही, मराठी बोलणारं माणूस भेटलं आणि चहा पाजला नाही असं होत नाही.

झाइगा पुर्माले. लाटव्हियाच्या. हा देश मला तेव्हा नकाशात दाखवता आला नसता. अल दुहैलच्या शाळेतून सुटल्यावर त्या मेट्रोने आमच्या अल वक्र्यापर्यंत येऊ लागल्या आणि पाहुण्यासारखं सोफ्यावर बसायचं सोडून थेट स्वयंपाकघरात शिरू लागल्या. हातात बटाटा आणि सालकाढणं दिलं की बाई बोलायला लागायच्या. त्यांचं सगळं आयुष्य मला असं बटाटे सोलता सोलता कळलं.

नदीकाठच्या लहानशा गावात जन्म. आई दूधडेअरीत कामाला. तेव्हा तिथे रशियाचं राज्य. शाळेत रशियन सक्तीचं, घरात लाटव्हियन, आणि आजीच्या तोंडी त्यांची जुनी चार चार ओळींची गाणी. बाविसाव्या वर्षी झाइगाताईंचं कवितांचं पहिलं पुस्तक आलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये तीन देशांतली माणसं रस्त्यावर उतरून एकमेकांचे हात धरून उभी राहिली. केवढी तरी लांब साखळी. आम्हाला आमचे देश परत द्या म्हणून. झाइगाताईंच्या उजव्या हाताला एक अनोळखी मुलगा होता, जहाजाच्या इंजिनांचं शिकणारा. त्याचं नाव कार्लिस.

"साखळी पंधरा मिनिटांची होती," झाइगाताई म्हणाल्या. "आम्ही तीस वर्षं हात सोडला नाही."

मधे या पुण्याला मराठी शिकून आल्या. मग कार्लिस गॅसच्या जहाजांवर लागला, इकडे रास लफानच्या गॅस-बंदरात आला, त्याच्यामागे या आल्या. तिसरा कवितासंग्रह त्यांनी इथेच, द पर्लच्या एका फ्लॅटमध्ये लिहिला. कार्लिस चार वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेला. तिकडचे सगळे म्हणाले, आता परत ये. या म्हणाल्या, माझं काम अर्धं आहे, मी येणार नाही. शाळेतली नोकरी पकडली आणि राहिल्या. रडगाणं नाही की काही नाही. मला अशी बाई आवडते. मी स्वतःला तशीच समजत होते.

पोटासाठी त्या रशियनमधून भाषांतरं करायच्या. मनासाठी मराठीतून. आणि मराठीतून काय, तर आमचे उखाणे!

मला आधी हसूच आलं. "अहो ताई, उखाणे काय भाषांतर करायचे? भाजीत भाजी मेथीची, त्यातलाच प्रकार."

"नीता," त्या म्हणाल्या, "बाई उभी राहते. खोलीतल्या सगळ्या गप्प होतात. ती दोन ओळींची कविता म्हणते आणि त्यात तिच्या माणसाचं नाव असतं. नंतर सगळ्या हसतात आणि ती खाली बसते. मी कवी आहे, मला विचार हे किती अवघड आहे. हे माझ्या भाषेत गेलंच पाहिजे."

साठ उखाणे, साठ कार्डं, पुस्तकाचं नाव 'साठ नावं'. प्रत्येक कार्डावर वर देवनागरीत उखाणा, मधे पेन्सिलने एकेका शब्दाचा अर्थ, खाली लाटव्हियन. जमलं नाही ते कार्ड बिस्किटांच्या जुन्या डब्यात, 'कच्चे' म्हणून. आणि नियम कडक. व्हॉट्सअ‍ॅपवरचा उखाणा चालणार नाही. कागदावर लिहून दिलेला चालणार नाही. जिने केला तिने चारचौघींत उभं राहून म्हटला तरच झाइगाताई घेणार.

"कागदावर तो निजलेला असतो," त्या म्हणायच्या. "ती कुठे श्वास घेते, कुठे लाजते, कुठे टोमणा मारते, ते मला ऐकू आलं पाहिजे. मग माझ्या भाषेत श्वास कुठे ठेवायचा ते मी बघते."

आमच्या बिल्डिंगमधली गौरी, आयटीतली, नवीन लग्न झालेली, तिने एकदा माझ्या ओट्याजवळ उभं राहून ठणकावून म्हटलं होतं, "रेड लाइनच्या मेट्रोत मिळाली खिडकीची सीट, श्रेयसला म्हटलं चहा कर, पण कर जरा नीट." त्या एका उखाण्याची बारा कार्डं त्या कच्च्या डब्यात टाकली बाईंनी. मी म्हटलं, सीटला नीट जुळणारं काही सापडेना का? तर म्हणाल्या, "जुळवायचंच नाही. आमची जुनी गाणी यमकाशिवाय उभी राहतात. पण त्या 'नीट'मधला टोमणा सांडला तर गौरी उरत नाही." तेराव्या कार्डाला त्यांनी गौरीला फोन करून लाटव्हियनमध्ये ऐकवलं. गौरीला एक अक्षर कळलं नाही, तरी ती म्हणाली, हो, असंच बोलते मी त्याच्याशी.

तर असे एकोणसाठ झाले. साठावा त्यांना माझ्या सासूबाईंचा हवा होता.

माझ्या सासूबाई पुष्पावती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पाच वर्षांपासून आमच्याकडेच. सिन्नरला त्यांच्या आळीत लग्न ठरलं की नवरी आधी यांच्याकडे यायची. नाव काय मुलाचं, करतो काय, तुला आवडला का खरं सांग, एवढं विचारायच्या आणि भाकरी थापता थापता उखाणा करून द्यायच्या. माझे सासरे अनंतराव आमच्या लग्नाच्या पाच महिने आधी गेले. एकोणीस वर्षं झाली. लेकाच्या लग्नात म्हणायचा म्हणून आईंनी उखाणा करून ठेवला होता, तो तसाच राहिला. लग्नात त्या मागच्या रांगेत उभ्या होत्या. मी नवरी होते, मला आठवतंय.

झाइगाताईंनी एक दिवस सरळच विचारलं. आई मेथी निवडत होत्या, माझा नवरा देवव्रत सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता.

"पुष्पावतीबाई, आपला उखाणा मला ऐकवावा."

आईंनी मान वर केली नाही. "नाव घेणं माझं संपलं गं, बाई."

"का संपलं?"

"ते गेल्यावर कोण विचारतं नाव घ्या म्हणून?"

"मी विचारते आहे."

"राहू दे, झाइगाताई," देवव्रत सोफ्यावरून म्हणाला. "आईला उगाच त्रास होईल. राहू दे." आईंनी मेथीची जुडी उलटी केली आणि पुढची काडी घेतली.

झाइगाताईंनी पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं, कोपऱ्यात साठ आकडा घातला आणि माझ्या फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून टाकलं. "दुसऱ्या कुणाचा घेणार नाही. फेब्रुवारीत पुस्तक पाठवायचं आहे. तोवर मिळाला तर ठीक. नाहीतर साठावं पान कोरं छापा म्हणून सांगेन आणि खाली लिहीन, ही जागा पुष्पावतीबाईंची." आणि बाई चहा पिऊन निघून गेल्या. ते कोरं कार्ड पुढे तीन महिने दूध काढताना, भाजी ठेवताना माझ्या डोळ्यांसमोर. आईंच्याही. ना त्यांनी कधी ते काढलं, ना मी.

मग जानेवारी आला. वर्ल्ड कप संपून गर्दी ओसरली होती, हवा छान गार होती, आणि रथसप्तमी नेमकी शनिवारी. आमचं हळदीकुंकू मी दरवर्षी शेवटच्या दिवशीच करते. बावीस जणींना बोलावलं. वाण म्हणून स्टीलच्या चहाच्या गाळण्या. तिळाचे लाडू आईंनी केले, शंभरावर, एकटीने, सकाळी सातपासून. माझा पाक नेहमी पुढे जातो आणि लाडू दगड होतात, त्यामुळे त्या मला गॅसपाशी उभंच करत नाहीत.

आता जे सांगते ते सांगताना मला अजून कसंतरी होतं, पण सांगते.

आई दोह्यात आल्या त्या पहिल्या वर्षी हळदीकुंकवाच्या दिवशी मी म्हटलं होतं, "आई, बायकांचा गोंधळ असतो, तुम्ही आत बसा, आराम करा." प्रेमाने म्हटलं होतं. असं मी स्वतःला सांगितलं. आमच्या मंडळाच्या निशिगंधावहिनी रीतभातीच्या फार कडक, त्यांनी काही बोलायला नको, कुणी आईंसमोरून कुंकवाचा करंडा तसाच पुढे नेऊन त्यांना वाईट वाटायला नको, म्हणून. आई उठून आत गेल्या. दुसऱ्या वर्षी मी परत म्हटलं. तिसऱ्या वर्षापासून म्हणावं लागलं नाही, त्या घड्याळ बघून स्वतःच उठायच्या. यंदा मात्र लाडू ताटात लावता लावता साडेचार वाजले आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "आई, आत बसा आता, येतीलच सगळ्या."

"बसते," त्या म्हणाल्या आणि हात धुऊन गेल्या. देवव्रतला मी आधीच बाहेर पिटाळलं होतं.

आणि त्याच हळदीकुंकवाला मी झाइगाताईंना आमंत्रण दिलं होतं. आपल्या हाताने लिहून, त्याचा फोटो पाठवून, नक्की या म्हणून. कार्लिस गेला हे मला ठाऊक होतं. त्याच्या वर्षदिनाला मी त्यांच्याकडे डबा घेऊन गेले होते. तरीही माझ्या डोक्यात क्षणभरसुद्धा आलं नाही, की जी गोष्ट घरातल्या बाईला लागू होते ती या बाईलाही लागू होते. गोरी बाई, परदेशी, तिला कसलं आलंय त्याचं? एवढाच हिशोब. हिशोबही म्हणवत नाही, मी विचारच केला नाही.

झाइगाताई पाचला आल्या. राखाडी झगा, गळ्याशी पिवळ्या अंबर दगडाची पिन, हातात पिवळ्या फुलांचा गुच्छ. निशिगंधावहिनींनी त्यांना मानाच्या खुर्चीवर बसवलं, हळदीकुंकू लावलं, हातात गाळणी दिली, चार जणींनी फोटो काढले. "किती छान दिसतंय हो कुंकू तुम्हाला!" सगळं आनंदात. मी तिळगूळ वाटत हिंडत होते. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

मग नाव घेणं सुरू झालं. गौरीने नवीन केला होता, तो म्हटला. निशिगंधावहिनींनी त्यांचा तो नेहमीचा लांबलचक म्हटला, ज्यात नाव येईपर्यंत पोहे गार होतात. आणि गौरी ओरडली, "आता झाइगाताई! यल्ला, नाव घ्या!"

झाइगाताई उठल्या. फुलं खुर्चीवर ठेवली. हात सरळ खाली सोडून उभ्या राहिल्या, शाळेतल्या मुली राहतात तशा.

"साखळीत धरला हात, सोबत झाली तीस वर्षं,
कार्लिसचं नाव घेते, अजून हाताला त्याचा स्पर्श."

काय टाळ्या पडल्या! निशिगंधावहिनी तर पुढे होऊन म्हणाल्या, "अहो, कमालच केलीत! मिस्टरांनाही घेऊन यायचं होतं फराळाला. जहाजावर असतात ना ते?"

"नाही," झाइगाताई म्हणाल्या. "तो वारला. चार वर्षं झाली."

टाळ्या थांबल्या.

"आज त्याचा दिवस आहे," त्या पुढे म्हणाल्या, अगदी नेहमीच्या आवाजात. "आमच्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेला नावं असतात. आज कार्लिस नावाच्या सगळ्यांचा दिवस. त्या दिवशी कुणी आमंत्रण देत नाही. ज्याला आठवण आहे तो फुलं घेऊन येतो. माणूस नसेल तर माझी आई त्याचं नाव आणखी मोठ्याने घ्यायची. म्हणून मला आनंद झाला, की आजच तुमच्याकडे नाव घ्यायचा दिवस आहे."

निशिगंधावहिनींच्या हातात करंडा तसाच राहिला. त्यांनी झाइगाताईंच्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नीता, तुला हे माहीत होतं?"

"होतं."

"अगं मग?"

"अहो वहिनी, त्या परदेशी आहेत, त्यांना काय आपलं..." मी बोलले आणि मध्येच थांबले. माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं होतं.

झाइगाताई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. कार्डावरच्या न जमलेल्या ओळीकडे बघतात तशा. "नीता," त्या म्हणाल्या, "मला नवरा नाही आणि मी या खुर्चीवर बसले आहे. पुष्पावतीबाई कुठे आहेत?"

माझी जीभ कशी चालते ते अल वक्र्यात सगळ्यांना माहीत आहे. वॉचमन शफीकपासून देवव्रतच्या बॉसपर्यंत कुणाला मी सोडलेलं नाही. त्या वेळी मात्र माझ्या तोंडातून आवाज निघेना. बावीस बायका, आणि एकीनेही विचारलं नाही की हा काय प्रश्न आहे, कारण त्या कुठे आहेत हे सगळ्यांना पाच वर्षांपासून माहीत होतं.

बोलली ती अंतरा. दहा वाक्यं मराठीत सांगितली की एका इंग्लिश शब्दाने उत्तर देणारी माझी मुलगी पोह्यांची ताटली हातात घेऊन म्हणाली, "आजी आत आहे. आई तिला दर वर्षी आत बसवते."

मला वाटलं जमीन दुभंगावी. पण दोह्यातल्या सातव्या मजल्यावर जमीन असते कुठे? मी उठले. हॉल ओलांडून त्या दारापर्यंत दहा पावलंही नसतील. मागून निशिगंधावहिनी म्हणाल्या, "नीता, काही म्हण, पण पद्धत म्हणून काही असते."

"पद्धत मीच पाडली ना घरात? मीच मोडते. खलास!" मी म्हटलं. माझा आवाज परत आला होता, जरा चिरकाच.

दार ढकललं. आई पलंगाच्या कडेला ताठ बसल्या होत्या. टीव्ही बंद. हात मांडीवर. इतक्या जवळून सगळं ऐकू येतं हे मला पाच वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

"काय गं? लाडू संपले?"

"नाही, आई." माझे डोळे भरून आले. "चुकलं माझं. बाहेर चला. नाव घ्यायला."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. मला वाटलं नाही म्हणतील, आणि म्हणाल्या असत्या तरी मला काय तोंड होतं? मग त्या उठल्या, पदर खांद्यावरून नीट घेतला, आरशात एकदा बघितलं आणि माझ्या बाजूने बाहेर निघाल्या. मी दारातच राहिले.

हॉलच्या मधोमध त्या उभ्या राहिल्या. इतक्या सरळ की मला त्या एकदम उंच वाटल्या. गौरीने हळूच विचारलं, "आजी, तो लग्नातला राहिलेला म्हणणार?"

"तो नाही. तो लेकाच्या लग्नाचा होता, त्याची वेळ गेली. हा नवा आहे."

"नवा? कधी केलात?"

"आत बसून दुसरं काय करते मी?" आई म्हणाल्या. "पाच वर्षांत पाच केलेत. हा मघाशी केला."

झाइगाताईंनी खुर्चीवरची फुलं उचलून छातीशी धरली. आईंनी एक श्वास घेतला. मग सिन्नरच्या आळीत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या,

"सून म्हणाली आत बसा, लेक म्हणाला राहू दे,
अनंतरावांचं नाव घेते, दोहा सगळा पाहू दे!"

बावीस जणी माझ्याकडे बघताहेत. मग गौरीने अशी काही आरोळी ठोकली की शेजारच्या अफशांबाई काय झालं म्हणून दार उघडून बघायला आल्या. टाळ्या, हसणं, 'आजी परत, आजी परत'! माझे कान लाल झाले होते. लाजेने अंगाची लाही होत होती आणि मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते, दोन्ही एकदमच. काय उखाणा होता! एकोणीस वर्षांनी माझ्या सासऱ्यांचं नाव घरात ऐकू आलं, आणि ते काय ऐटीत आलं!

आईंनी तो तीनदा म्हटला. तिसऱ्यांदा 'सून'वर हाताने माझ्याकडे दाखवून. निशिगंधावहिनी करंडा घेऊन दोन पावलं पुढे आल्या, थबकल्या, त्यांना समजेना लावावं की लावू नये. आईंनीच त्यांना सोडवलं.

"आधी तिळगूळ दे गं. कुंकवाचं मग बघू. आणि तुझा तो उखाणा फार लांब आहे, निशिगंधा. ये एकदा, छोटा करून देते."

निशिगंधावहिनी हसल्या. खरंच हसल्या, आणि आईंच्या पाया पडल्या. मग आई झाइगाताईंकडे वळल्या. "लिहून घेतलंस का गं? सारखी सारखी नाही म्हणणार मी."

झाइगाताई उघड उघड रडत होत्या, डोळे पुसायचे कष्टही न घेता. "नाही लिहिलं," त्या म्हणाल्या. "ऐकलं." पिवळी फुलं त्यांनी आईंच्या हातात दिली. बायका पांगल्यावर त्यांनी फ्रिजवरचं कार्ड काढलं आणि माझ्या ओट्यापाशी उभ्या उभ्याच देवनागरीत त्या दोन ओळी लिहिल्या. आईंनी चष्मा लावून तपासल्या आणि 'दोहा'पुढे चुकून पडलेला स्वल्पविराम खोडायला लावला.

देवव्रत परत आला तेव्हा आई सोफ्यावर, त्याच्या जागेवर, फुलं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अंतराने त्याला मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. 'लेक म्हणाला राहू दे' आलं तसा तो मान खाली घालून आईंच्या पायाशी बसला. त्याला मी काही बोलले नाही. माझा वाटा मोठा होता.

दोन दिवसांनी झाइगाताईंचा फोन आला.

"नीता, अडचण आहे. आमच्या जुन्या गाण्यांत सून बिचारी असते, सासू दुष्ट. इथे उलट आहे. वाचणाऱ्याला वाटेल भाषांतर चुकलं. 'घरची माणसं म्हणाली आत बसा' असं करता येईल. कविता थोडी मऊ होईल. तुला बरं वाटेल का?"

मी ओट्याशी उभी होते. बाहेर आई गौरीच्या मैत्रिणीला विचारत होत्या, मुलगा आवडला का तुला, खरं सांग. मला बरं वाटलं असतं. खोटं कशाला बोलू?

"नाही," मी म्हटलं. "सून म्हणाली, तर सूनच लिहा. आणि खाली टिपेत हवं तर लिहा, की नंतर त्याच सुनेने दार उघडलं."



"दार उघडलं हे उखाण्यात नाही," झाइगाताई म्हणाल्या. "पुष्पावतीबाईंनी म्हटलं नाही ते मी लिहिणार नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पुस्तक सप्टेंबरमध्ये आलं. झाइगाताई स्वतः पहिली प्रत घेऊन आल्या, आईंच्या पायांवर ठेवली आणि साठावं पान उघडून उभं राहून वाचलं. यमक नव्हतं, चार छोट्या ओळी होत्या, पण तिसऱ्या ओळीपाशी त्यांचा आवाज आईंसारखाच चढला आणि आईंनी जागच्या जागी मान डोलावली. मग अंतराने आईंचं बोट धरून एका शब्दावर ठेवलं. "आजी, हे आजोबा. बघ, अनंतराव."

आई बराच वेळ त्या शब्दावरून बोट फिरवत राहिल्या. नंतर चष्म्यावरून माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आणि ही कुठे आहे?"

झाइगाताईंनी दाखवलं. सगळ्यांत वर, सगळ्यांच्या आधी, पहिलाच शब्द मी आहे. त्यांच्या लिपीत सात अक्षरं लागतात त्याला, मी मोजली.